चार हजार एकोणिसावी पाहुणी

२ मार्च

इंटरनेटवर एक घड्याळ सापडलं! काटे नाहीत, तबकडी नाही. एका बाईने दारांवरच्या नंबरांचे फोटो टिपत अख्खं शहर पालथं घातलंय. सात वाजून बेचाळीस झाले असतील तर स्क्रीनवर ७४२ नंबरचं दार. मिनिट सरलं की ७४३. हिरवं दार, पायरीवर एकच चप्पल. ७४४च्या दारात मांजर. ७५१ पर्यंत बघत बसले आणि दूध उतू गेलं.

"स्वयंपाकघरात कुणी आहे का?" — सासूबाई, बाहेरून. त्यांना आधी वास कळतो, मग बाकीचं जग.

घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. मुलीचा अंगठा. दिराचा अंगठा. नणंदेचे जोडलेले हात — कशाबद्दल, कोण जाणे. एकानेही उघडून पाहिलेलं नाही, पैज लावते. ह्यांना दाखवायला गेले तर ह्यांच्या तोंडात टाचण्या. "हं" एवढंच आलं. शिंप्याशी संसार केला की निम्मं बोलणं टाचण्यांच्या आडच राहतं.

४ मार्च

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काचा घासायचं यंत्र बंद केलं आणि डॉक्टरीणबाईंना किटल्यांची साइट ऐकवली. (त्या पुढच्या खोलीत डोळे तपासतात, मी मागच्या खोलीत काचा फ्रेमीत बसवते. मध्ये पडदा.) कुणा एका माणसाने तेवीस किटल्या उकळताना रेकॉर्ड केल्यात. किटली निवडायची, डोळे मिटायचे, ऐकायचं. सोळावी चक्क मुसमुसते. एकविसावी शिट्टी वाजवता वाजवता सूर सोडते.

बाईंनी दोन ऐकल्या. म्हणाल्या, "जगात किती रिकामटेकडी माणसं आहेत, नाही?"

रिकामटेकडी! तेवीस किटल्या जमवायच्या, प्रत्येकीत तेवढंच पाणी घालायचं, घरच्यांना गप्प बसवायचं — याला काय कमी खटपट लागते? दिवसभर राग उतरला नाही. त्या नादात एका आजोबांची काच दोनदा घासावी लागली.

खरं तर राग बाईंचा नाही. मला कुणाला तरी दाखवायचं असतं. एकटीने पाहिलं की अर्धंच पाहिल्यासारखं वाटतं.

६ मार्च

खिशांची साइट. एक जण रोज संध्याकाळी कोटाचा खिसा उलटा करतो आणि निघेल त्याचा फोटो लावतो. काल: बटण, फाटकं तिकीट, एक शेंगदाणा. वहीत टिपली. ग्रुपवर टाकली नाही. रुसले आहे.

९ मार्च

आजचं नीट, सविस्तर लिहिते.

खिसेवाल्याच्या पानाच्या अगदी तळाला "कधीतरी बघायच्या जागा" अशी यादी होती. अकरा नावं. दहा दाबली, दहाही मेलेल्या. अकरावी उघडली!

विसरलेल्या छत्र्या. बाकी काही नाही. बस डेपोत सापडलेल्या वस्तूंची खोली असते ना, तिथे नोकरीला असलेल्या एका माणसाने ही जागा मांडली आहे. बसमध्ये राहिलेली छत्री तीन महिने ठेवायची, कुणी न्यायला आलं नाही तर मोडीत काढायची, असा नियम. तर मोडीत जाण्याआधी हा गृहस्थ प्रत्येकीचं पेन्सिलने चित्र काढायचा आणि खाली दोन ओळी लिहायचा. अशा तीनशे चाळीस! पहिल्या पानावर रंगांप्रमाणे यादी — काळ्या, रंगीत, फुलांच्या, पोराबाळांच्या. नावावर बोट ठेवलं की ती छत्री उघडते. कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचा नंबर.

मी पहिली उघडली ती काळी. "मूठ डाव्या अंगाला झिजलेली. मालक डावखुरा. बस येईपर्यंत छत्रीवर रेलून उभा राहणारा. बस आल्यावर आधार लागत नसे, म्हणून विसरला."

दोनदा वाचलं. मग फोन बंद केला. असलं काही बकाबका वाचायचं नसतं. ठरवलं — दिवसाला एकच छत्री, सकाळी कामावर निघण्याआधी.

पानाच्या तळाला लिहिलंय, "ही खोली ९ मार्चला उघडली, त्याला अकरा वर्षं झाली." म्हणजे आज वाढदिवस की! शेजारी आकडा: पाहुणे — ४०१९. मी चार हजार एकोणिसावी. एवढी माणसं येऊन गेली आणि मला पत्ता नाही. देर आये दुरुस्त आये.

१० मार्च

पोरीची छत्री, कडेने बदकं. "एका बदकाला पेनाने मिशा काढल्या आहेत. हा गुन्हा भावाचा."

दुकानात हसू आवरेना. डॉक्टरीणबाई पडद्याआडून, "काय झालं गं?" सांगितलं नाही. शिक्षा.

आकडा ४०२१. मी एक. मधला कोण?

११ मार्च

४०२३.

१२ मार्च

४०२५! रोज दोन. एक मी. म्हणजे आणखी कुणीतरी एक आहे, जे रोज नेमाने येतं आणि एकदाच येतं. माझ्यासारखंच! पुरवून पुरवून खाणारं!

ह्यांना सांगितलं. आज तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी म्हणाले, "कशावरून? तुझेच दोन मोजत असेल."

शंका घ्यावी तर ह्यांनी. गिऱ्हाइकाने स्वतःचं माप सांगितलं तरी टेप लावून बघणार. पण बोलण्यात तथ्य आहे. उद्या जाईन, परवा जाणार नाही. मग कळेल.

१४ मार्च

गेले नाही. हात शिवशिवतात.

१५ मार्च

परवा ४०२७ होते. आज ४०३०. यातली आजची मी. उरले दोन — परवाचा एक, कालचा एक. मी नसतानाही तो आला होता!

टेबलावर खडूने मांडून ह्यांना दाखवलं. ह्यांनी टेप लावल्यासारखं नीट पाहिलं आणि म्हणाले, "आहे खरा कुणीतरी."

दिवसभर उडत होते. कुठे असेल? नर्स असेल, ड्यूटी संपल्यावर बघणारी? एखादा मास्तर, मधल्या सुट्टीत? तो की ती तेही माहीत नाही. वहीत "दुसरा" असंच लिहिते. ओळख नाही, देख नाही, आणि इतकं सोबतीसारखं वाटतंय. एवढ्या मोठ्या जगात आम्ही दोघंच रोज सकाळ-संध्याकाळ त्याच छत्र्यांपाशी येतो.

१७ मार्च

सासूबाई मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "त्या फोनमध्ये काय पुरलंय तुझं? रोज उकरतेस."

वाचून दाखवली आजची. "बाहेरून करडी, आतून निळं आकाश आणि ढग छापलेले. ही छत्री निवडणारं माणूस मला भेटायला हवं होतं."

सासूबाईंचा हात थांबला. "आणि ती मोडीत काढली मेल्यांनी?"

"हो ना, आई."

मटाराचं ताट त्यांनी बाजूला सारलं. मग, "उद्याची वाचशील तेव्हा मला हाक मार."

अठ्ठावीस वर्षांत या बाईंनी मला "हाक मार" असं प्रथमच म्हटलं. एरवी हाका त्यांच्याच.

१९ मार्च

वाईट बातमी.

पहिल्याच पानावर पाटी लागली आहे. "यंत्रात बिघाड झाला आहे. मला दुरुस्त करता येत नाही. ३१ मार्च संपताच ही खोली बंद होईल. कुणाची गैरसोय झाल्यास क्षमस्व."

कुणाची म्हणजे काय, माझी! आणि दुसऱ्याची! आणि आता सासूबाईंचीही. कसला बिघाड? सगळं तर नीट उघडतंय, चित्रं दिसतात, आकडाही रोजच्यासारखा दोनाने वाढून ४०३८ झालाय.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, चांगलं चाललंय, बंद नको करू."

सांगू कुठे? पत्ता नाही, फोन नाही.

२१ मार्च

सांगायची जागा सापडली. पानाच्या तळाला, यादीच्याही खाली — "शेऱ्यांची वही". पण वहीला कुलूप. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं:

"मी चित्र काढलेल्या सगळ्या छत्र्यांपैकी एकच छत्री तिच्या मालकाने परत नेली. तिचा नंबर?"

आगाऊ पाहुण्यांना बाहेर ठेवायला केलं असणार. आणि मी वाचल्यात फक्त बारा! चाटून चाटून खाल्ल्याचं फळ.

२४ मार्च

आमची फौज तयार झाली. उरल्या सगळ्या छत्र्या वाचून काढायच्या. "मालक आला", "घेऊन गेला" असं जिथे लिहिलं असेल ती आपली. मी वाचणार, सासूबाई ऐकणार, कापड कापायच्या टेबलावर हे खडूने नंबर लिहून घेणार. ह्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपणच दुकान लवकर बंद करून आले आणि म्हणाले, "हिशेबाशिवाय तुम्ही दोघी दोन-दोनदा वाचाल."

संध्याकाळी एका बैठकीत एकशे बारा. घसा बसला, पण काय संध्याकाळ! एका छत्रीच्या मुठीला गुंडाळलेला कागद सापडला होता: "साबण. सुईदोरा. तिला फोन." सासूबाई म्हणाल्या, "साबण नक्की आणला असेल." आणि आम्ही तिघं इतकं हसलो की शेजारून भिंतीवर थाप आली.

दुसरी एक फुलाफुलांची. हे एकदम पुढे वाकले. "थांब. मोठं कर ते." चित्राकडे नाक लावून बघत बसले. "दोन छत्र्यांची एक केली आहे ही. बघ, इथे जोड. हाताची शिलाई. आणि कुणी साध्या माणसाने नाही घातलेली." खालच्या ओळीत त्या माणसाने तेच लिहिलं होतं! ह्यांची कॉलर अशी ताठ झाली की विचारू नका.

परत नेलेली मात्र सापडली नाही.

२५ मार्च

सकाळी उघडलं आणि डोळे पांढरे झाले. आकडा ४१६२! काल सकाळी ४०४८ होता.

मला वाटलं, जत्रा लोटली. बंद होणार म्हणून लोक धावले. मग डोक्यात प्रकाश पडला — पुढची छत्री उघडायला पहिल्या पानावर परत यावं लागतं, आणि दर वेळी एक पाहुणा मोजला जातो. ही जत्रा म्हणजे आमच्याच घरातली तीन टाळकी!

आता या गर्दीत दुसरा दिसेनासा झाला. वाईट वाटलं. पण थांबून चालणार नाही. संध्याकाळी आणखी एकशे आठ.

२६ मार्च

उरलेल्या सगळ्या वाचून झाल्या. शेवटची सासूबाईंनी स्वतः वाचली — दुकानातून मी त्यांना जवळचा नवा चष्मा करून आणलाय, काच माझ्या हातची. "पिवळी. वारा लागून उलटी झालेली. तिला सरळ करता आलं असतं, पण मालकाने तिथेच हात टेकले."

आणि परत नेलेली? नाही! तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस मोडीत. कुठेच "नेली" असं नाही.

हे म्हणाले, "फसवलं आपल्याला."

मला पटत नाही. बदकाच्या मिशांची नोंद ठेवणारा माणूस असा फसवणार नाही.

२७ मार्च

दुकानात मन लागेना. डॉक्टरीणबाईंनी शेवटी पडदा सारून विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" सगळं सांगून टाकलं — छत्र्या, दुसरा, पाटी, कुलूप. हसतील म्हणून तयारीत होते. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग तो दुसरा एक तारखेला येईल तेव्हा काय करेल?"

तेच तर! त्याला वाटेल, आपण एकटेच होतो.

जाताना बाई म्हणाल्या, "त्या किटल्यांचं पान पाठव गं मला." पाठवलं. शिक्षा माफ.

२८ मार्च

सापडली!!

सकाळी सासूबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या त्या बोलतच. "अगं, तू वेंधळी की मी? जी परत नेली ती त्याच्याकडे राहील कशी? आपली वस्तू आपण घेऊन गेलो तर मागे फळीवर काय राहतं? रिकामी जागा."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. ह्यांनी टेबलावरचं कापड बाजूला केलं. तीन दिवस त्या खडूच्या आकड्यांवरून ह्यांनी गिऱ्हाइकाची एक विजारही कापली नव्हती, पुसायला जीव होत नव्हता म्हणून. आम्ही तिघं वाकलो. यादी रंगाप्रमाणे असल्याने नंबर सगळे विस्कटलेले. एक-एक शोधत गेलो. शेवटचा नंबर तीनशे एक्केचाळीस, आणि छत्र्या तीनशे चाळीस! दोनशे अडुसष्ट आहे. दोनशे सत्तर आहे.

दोनशे एकोणसत्तर नाही.

सासूबाई म्हणाल्या, "इतक्यांतल्या एका माणसाला तरी आठवण राहिली." आणि देवाघरी गेलेल्या सासऱ्यांच्या विसरभोळेपणावर पंधरा मिनिटं बोलल्या. आनंदात होत्या.

लिहायचं उद्या. कच्चं लिहून, वाचून मगच. असल्या माणसाला काहीबाही लिहून चालणार नाही.

२९ मार्च

रविवार. दिवसभर कच्चं लिहिणं चाललं होतं. संध्याकाळी २६९ टाकलं आणि वही उघडली.

कोरी! एकही शेरा नाही. वर फक्त — "पहिला शेरा तुमचा." अकरा वर्षांत कुणालाच उत्तर आलं नाही म्हणायचं. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांच्या घरी सासू नसते."

मी लिहिलं ते इथे उतरवून ठेवते:

"नमस्कार. मी चष्म्याच्या काचा घासते. ९ मार्चपासून रोज सकाळी एक छत्री पाहायला येते. चोवीस, पंचवीस, सव्वीस या तीन संध्याकाळी जी गर्दी झाली ती आमच्याच घरची — मी, माझे यजमान आणि सासूबाई. दोनशे एकोणसत्तर शोधत होतो. चुकून आकडा फुगवला, माफ करा. तुमच्या छत्र्यांमुळे आमच्याकडे तीन संध्याकाळी टीव्ही लागला नाही. ही खोली कृपा करून बंद करू नका. आम्हाला कुठेच काही बिघडलेलं दिसत नाही. आणि एक विनंती. माझ्याशिवाय रोज आणखी कुणीतरी एक इथे येतं. कोण ते मला माहीत नाही, पण सोबत वाटते. त्यांनाही माझा नमस्कार सांगा."

"यजमान शिंपी आहेत, हे लिही," हे म्हणाले. लिहिलं.

३० मार्च

सकाळी पाहिलं. पाटी तशीच. उत्तर नाही. पुन्हा पुन्हा उघडायचं नाही असं ठरवलंय, आता एकही खोटा पाहुणा नको.

सासूबाई रात्री जेवताना तीनदा म्हणाल्या, "म्हातारा आजारीबिजारी नसेल ना?" तो म्हातारा आहे हे त्यांना कुणी सांगितलं!

उद्या शेवटचा दिवस.

३१ मार्च

पाटी नाही! काढली! आणि माझ्या शेऱ्याखाली:

"दोनशे एकोणसत्तर बरोबर. तुमचा नमस्कार पोचला, कारण रोज येणारा तो एक मीच. रोज दुपारी जेवण झालं की येऊन बघतो, कुणी आलं का. पहिल्या दिवसापासून आकडा रोज एकानेच वाढत होता. या नऊ तारखेपासून दोनाने वाढायला लागला, तेव्हा यंत्र बिघडलं असं धरून चाललो. मग एका दिवसात शंभराहून जास्तने वाढला, तेव्हा तर खात्रीच झाली. यंत्र ठीक आहे म्हणता, तर खोली उघडी ठेवतो. यजमानांना विचारा, त्या फुलाफुलांच्या छत्रीतला जोड कुठल्या टाक्याचा आहे? मला ओळखता आला नव्हता."

मी मोठ्याने वाचलं. ह्यांनी खडू घेतला, टेबलावर अकरा वर्षांचे दिवस मांडले, लीप वर्षांचे तीन वर धरले. चार हजार अठरा.

सासूबाईंनी नवा चष्मा लावून आकडा पाहिला. "आणि तू कितवी म्हणाली होतीस?"

"एकोणिसावी."

"म्हणजे पहिलीच गं तू," त्या म्हणाल्या.